यादीत नसलेला आवाज

रविवार, ४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! सडबरीहून आठ तास गाडी हाकली. हर्स्ट मागे पडल्यावर रस्त्यावर मी, लाकडांचे ट्रक आणि एक मूस, घोड्याहून उंच सांबर. मूस मधोमध उभं होतं आणि मी हॉर्न दिल्यावर असं बघत राहिलं, की जणू मीच त्याच्या अंगणात गाडी घातली होती.

खोली झकास आहे. बेकरीच्या वर, त्यामुळे जमीन पायाला ऊबदार लागते. बॅगा उघडायच्या आधी पापांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गरम मोज्यांचा. एक्केचाळीस वर्षांची झाले तरी मोजे सुटत नाहीत. मग म्हणाले, ओदील, आता तुझ्या हातचा सामना ऐकायला मिळणार. मधुमेहानं डोळे गेल्यापासून पापा बर्फावरची हॉकी टीव्हीवर 'ऐकतात'. मॅच चालू असताना एक बाई किंवा बाप्या हळू आवाजात सांगत राहतो, कोण कुठे आहे, कोण पडलं, प्रेक्षकांत कोण नाचतंय. आंधळ्यांसाठीचा हा वर्णनाचा ट्रॅक आमच्या उत्तरेकडच्या लीगला अजून नाही. तो सुरू करायलाच मला इथे बोलावलंय. एक डिसेंबरला दुपारी दोनचा सामना. त्या दिवशी ट्रॅक प्रक्षेपणात गेला पाहिजे.

सोमवार, ५ नोव्हेंबर

टीव्ही स्टेशन म्हणजे टेकडीवरची एक बुटकी विटांची इमारत आणि तिच्या डोक्यावर तिच्यापेक्षा दहापट उंच टॉवर. माणसं मोजून दोन. साहेब आर्वो माकेला. साठीचा, लांबलचक, कमी बोलणारा फिनिश गडी. माझ्यासाठी डोनट आणून ठेवले होते आणि ते माझ्यासाठी आहेत हे सांगायला त्याला अर्धा तास लागला. दुसरी जोसेफीन वेस्ली, इथल्या आदिवासींच्या क्री भाषेतलं समालोचन करणारी. सगळा गाव तिला कूकूम म्हणतो, म्हणजे आजी. अडुसष्ट वर्षांची आहे, नदीपलीकडे राहते आणि नदी गोठली की स्नोमोबिलवर बसून कामाला येते.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, सडबरीची का, म्हणजे दक्षिणेची. तुला थंडी म्हणजे काय ते ठाऊक नसणार. मी म्हटलं, कूकूम, सडबरीला उणे तीस होतं. ती म्हणाली, हो गं पोरी, आम्ही त्याला वसंत म्हणतो.

काम सोपं सांगायचं तर असं. चित्र एक, आवाज चार: इंग्रजी, फ्रेंच, क्री आणि वर्णन. आजवर प्रत्येक भाषेचा आवाज अख्खाच्या अख्खा जायचा. प्रेक्षकांचा गोंगाट, बर्फावरचं खरखरणं, शिट्ट्या, ऑर्गन, सगळं दर भाषेबरोबर पुन्हा पुन्हा. वाहिनीत जागा किती? पाइपाएवढी. चौथा आवाज मावणार कुठून? म्हणून आता गोंगाट एकदाच पाठवायचा आणि त्यावर माणसांचे नुसते आवाज, अगदी बारीक करून. घरचा बॉक्स दोन्ही एकत्र करेल. कूकूमला हे समजावलं तर ती म्हणाली, एवढंच ना, फ्राइज एकदाच तळायच्या, वरचा रस्सा ज्याचा त्याचा.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

आज मशीनघर पाहिलं. सगळी यंत्रं एका जाड दाराच्या खोलीत आहेत. हिवाळ्यात ती थंड ठेवायला वेगळं काही करावं लागत नाही. भिंतीतल्या मोठ्या झडपा उघडतात आणि पंखे बाहेरची हवा आत ओढतात. दाराला पुस्तकाएवढी काच. बाहेरून कार्ड लावलं की उघडतं, आतून दांडा खाली दाबला की उघडतं.

आत खुंटीवर लोकरी अस्तराचा एक भलामोठा कोट लटकतोय. आर्वोचा नियम असा, की आत जाताना दुसऱ्याला सांगून जायचं आणि पाच मिनिटांत परत यायचं. मी हसून म्हटलं, यंत्रंच आहेत ना आत, अस्वल तर नाही? तो हसला नाही. कूकूम तर मशीनघरासमोरच्या बोळातूनच जात नाही. चहाच्या खोलीत जायला पूर्ण इमारतीला वळसा घालते, बाहेरून, बर्फातून.

तिच्या समालोचनाची मात्र मी चाहती झाले. एका संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसला, की ती म्हणते, घरात एक जेवणारा कमी झाला, पातेलं पळवा आता! हडसनच्या उपसागराचा सगळा किनारा तिच्यावर जीव टाकतो.

सोमवार, १२ नोव्हेंबर

हिशेब जुळत नाही. गोंगाट आणि तीन आवाज मिळून जेवढी जागा खायला हवी, त्याहून जास्त जाते आहे. किती जास्त, तेही काढलं. एका माणसाच्या नुसत्या बोलण्याला लागते बरोबर तेवढी.

दर प्रक्षेपणासोबत एक यादी जाते. अमुक नंबर इंग्रजी, तमुक फ्रेंच. घरचा बॉक्स यादीत असेल तेवढंच दाखवतो. जे यादीत नाही, ते घरोघर पोचतं आणि तसंच वाहून जातं, कोणाला पत्ताही लागत नाही. हा जास्तीचा ट्रॅक यादीत नाही.

आर्वोला विचारलं. तो कॉफी ढवळत म्हणाला, भरताड असेल, राहू दे. साखर त्यानं घातलीच नव्हती.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

राहू कशी देऊ? मला ती जागा हवी आहे. हातानं नंबर घालून तो ट्रॅक ऐकला. पंख्यांची घरघर आणि तिच्याखाली कोणाचा तरी श्वास. मला वाटलं, कुठला तरी माइक चालू राहिला असेल. इमारतीतले सगळे माइक एकेक करून काढले. श्वास चालूच.

पंख्यांचा तो सूर मशीनघराचाच आहे, त्यात शंका नाही. पण मशीनघरात माइक नाही. एका जुन्या हेडसेटची वायर तेवढी भिंतीतून बाहेर आलीय आणि तिला हेडसेट जोडलेला नाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

ती बोलली.

सकाळी अकरा वाजता, स्वच्छ ऊन असताना, मी टोस्ट खात हेडफोन लावून बसले होते. बाईचा आवाज. फ्रेंचमध्ये. वर्णनाचा आवाज असतो ना, तसा: सरळ, वर्तमानकाळात, घाई नाही, रडणं नाही. ती म्हणाली: बाई दाराशी जाते. दांडा दाबते. दांडा हलत नाही. बाई पुन्हा दाबते.

मग बराच वेळ पंखे.

मी ते कूकूमला ऐकवलं. ऐकवायला नको होतं. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली, मांजरावरून फिरवावा तसा. मग म्हणाली, ही नोएला आहे.

नोएला ब्रिसों. माझ्याच जागेवर होती, दोन हिवाळ्यांमागे. वर्णनाचा ट्रॅक करायचं तिच्याच डोक्यात आलेलं, तीच तो बोलणारही होती. एका जानेवारीत, दुपारी, पातळ स्वेटरवर ती आत गेली. दाराच्या कडीत ओल जाऊन बर्फ धरलं होतं. झडपा उघड्या अडकल्या. बाहेर उणे अडतीस. तिनं भिंतीवरचा हेडसेट घातला आणि गोठून जाईपर्यंत बोलत राहिली, कोणी ऐकेल म्हणून. त्या हेडसेटची लाइन तिनंच त्या सकाळी नव्या ट्रॅकवर टाकली होती, चाचणीसाठी. यादीत नाव घालायचं राहिलं होतं.

कूकूम म्हणाली, मी दहा पावलांवर होते गं. माझ्या खोलीत कर्लिंगचा सामना सांगत होते. विनोद करत होते. नोएलाचा आवाज हडसनच्या उपसागरापर्यंत घराघरात जात होता आणि एकाही घरात ऐकू येत नव्हता.

शनिवार, १७ नोव्हेंबर

कोणीतरी जपून ठेवलेलं रेकॉर्डिंग असेल, असं मी स्वतःला दोन दिवस सांगत होते. आता तसं सांगता येणार नाही.

आज ती म्हणाली: नवी बाई खुर्चीत बसली आहे. हिरवा स्वेटर. उजव्या बाहीवर जाम.

मी बाही पाहिली. ब्लूबेरीचा.

सोमवार, १९ नोव्हेंबर

सकाळी नऊ चाळीसला तिनं सांगितलं: आर्वो मागच्या पायरीवर घसरतो. मनगट अंगाखाली येतं.

मी धावत गेले. मागचा दरवाजा बंद होता, आर्वो आत टेबलापाशी बसून कागद चाळत होता. मी वेड्यासारखी त्याला म्हणाले, आज मागच्या पायऱ्यांवरून जाऊ नकोस. तो म्हणाला, मीठ टाकलंय काल. दहा वाजता कचरा टाकायला गेला आणि घसरला. उजवं मनगट मुरगळलंय, पट्टी बांधून बसलाय. मला कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही. ते न विचारणंच मला जास्त लागलं.

बुधवार, २१ नोव्हेंबर

आज तो ट्रॅक काढून टाकला. माझ्या अधिकारात आहे, कामच आहे ते माझं. चार कळा दाबल्या, संपलं.

त्याच क्षणी इंग्रजी गेलं, फ्रेंच गेलं, कूकूमही गेली. राहिला नुसता गोंगाट. पडद्यावर बातम्या देणारा माणूस ओठ हलवतोय आणि खाली कालच्या हॉकीच्या गर्दीचा आरडाओरडा. बातम्यांना गोंगाटाचा ट्रॅक जोडलेलाच नसतो. फोनवर फोन. बारा मिनिटं मी सगळं परत लावत होते, लागेना. शेवटी तो ट्रॅक जागेवर ठेवला आणि सगळे आवाज एकदम परत आले.

आर्वो दारात उभा होता. म्हणाला, मी सहा वेळा करून पाहिलंय. तिला तेवढी जागा लागते, राहू दे.

शनिवार, २४ नोव्हेंबर

पापांचा फोन. फार खुशीत. निघताना मी त्यांचा बॉक्स सगळे नंबर पकडेल असा करून ठेवला होता, माझ्या चाचण्या ऐकायला मिळाव्यात म्हणून. म्हणाले, ऐकलं मी तुझं वर्णन! छान बोलतेस. पण ती खोली कुठली? आणि कुडकुडत का होतीस? कोट घालून जायला काय झालं होतं?

मी म्हटलं, पापा, मी अजून एक शब्दही रेकॉर्ड केलेला नाही. ते हसले. बापाला शिकवतेस? डोळे गेलेत माझे, कान नाही. चार महिन्यांची होतीस तेव्हापासूनचा आवाज आहे तो.

मी लगेच त्याच वेळेचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. नोएलाच होती. माझा आवाज नव्हता. तीन वेळा ऐकलं. नव्हता.

पापांना बॉक्सचं ते बटण बंद करा म्हणणार होते, ते म्हणवलं नाही.

बुधवार, २८ नोव्हेंबर

मी ठरवलंय. शनिवारचा सामना करायचा आणि रविवारी गाडी सडबरीच्या दिशेनं. कूकूम म्हणाली, आज जा. मी म्हटलं, पापांना शब्द दिलाय, तीनच दिवस. ती म्हणाली, हट्टाला औषध असतं तर मी तुला वाटीभर पाजलं असतं.

आर्वोला आज मी ऐकायला लावलं. दोन वर्षं तो ट्रॅक सांभाळतोय, पण त्यानं तो कधी ऐकला नव्हता. नंबर घालायचा धीरच झाला नव्हता. मी हेडफोन त्याच्या कानावर ठेवला आणि नोएला जणू त्याचीच वाट बघत होती. मी शेजारी दुसरा लावून ऐकत होते. ती म्हणाली: काचेबाहेर आर्वो. बाई दोन्ही हात हलवते. आर्वो हसतो. आर्वो हात हलवतो. आर्वो जातो.

आर्वोनं हेडफोन काढला नाही. तसाच बसून बोलला, एवढं मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, ती गंमत करतेय. सकाळी त्यांची तशीच चेष्टामस्करी झाली होती. त्यानंही हात हलवला आणि जेवायला गेला. परत आला तोवर काचेवर आतून बर्फ चढलं होतं. त्याला वाटलं, ती घरी गेली. चौकशीत त्यानं सांगितलं, मी तिला पाहिलंच नाही. कूकूमलाही तेच सांगितलं, नोएलाच्या आईलाही.

म्हणाला, तिनं मला पाहिलं होतं, हे आज कळलं. मला वाटायचं, माझ्या पाठीमागून उजेड पडला असेल, मी नुसता काळा दिसलो असेन.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

गुरुवार, २९ नोव्हेंबर

वादळ. दुपारी चारला अकरा नंबरचा महामार्ग दोन्ही बाजूंनी बंद केला. टेकडीचा रस्ताही दिसत नाही. कूकूम सकाळी घरी गेली ती तिकडेच अडकली, शनिवारी क्री समालोचन ती घरून फोनवर देणार. इमारतीत मी आणि आर्वो. टोमॅटो सूपचे डबे आहेत, बिस्किटं आहेत, कॉफी भरपूर.

रविवारी निघता येईलसं वाटत नाही.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

दिवसभर तिचं एकच वाक्य. दर चार-पाच मिनिटांनी.

दोघं आत आहेत.

आर्वोला सांगितलं नाही. इमारतीच्या आत म्हणत असेल. आहोतच की आम्ही दोघं इमारतीत. एवढाच अर्थ असेल.

ती आजवर एकदाही चुकलेली नाही.

मशीनघरात वसंतापर्यंत कोणी जायचं नाही, असं मी आर्वोकडून कबूल करून घेतलं. सगळं बाहेरच्या टेबलावरून करता येतं. त्यानं मान हलवली. नजर मात्र हेडफोनवर होती.

शनिवार, १ डिसेंबर

दुपारी १.१०. ऊन पडलंय, बाहेर बघवत नाही इतकं पांढरं. उणे चौतीस. गोंगाट आणखी दाबून चौथ्याला जागा काढली, चारही ट्रॅक तयार. यादी तयार. कूकूमची फोनची लाइन आता जोडते. वर्णन सांगणारा मुलगा टिमिन्सच्या स्टेशनातून बोलणार आहे, त्याची लाइन छान येतेय. पापांना कळवलं. बिअर काढून ठेवलीय म्हणाले.

२.०५. मशीनघरात आहे. पटापट लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

कूकूमच्या खोलीतून परत आले तर आर्वोची खुर्ची रिकामी. हेडफोन जमिनीवर. त्यातून नोएला त्याचं नाव घेत होती. वर्णन नव्हतं ते. नुसतं नाव, हाक मारावी तसं. मशीनघराचं दार लागलेलं. काचेतून दिसला, यंत्रांच्या तिसऱ्या कपाटाशी, एका हातानं स्क्रू काढत होता. कोट खुंटीवरच.

मी अग्निशामक नळकांडं दारात अडकवलं आणि आत गेले. म्हटलं, चल बाहेर. तो म्हणाला, हेच यंत्र आहे, एवढं काढू दे, मग ती सुटेल. एका हातानं निघेना. मी त्याला ओढत होते. तेवढ्यात झडपा पूर्ण उघडल्या, वारा आला आणि दार आपटलं. नळकांडं बाहेरच्या बाजूला गडगडत गेलं, ते ऐकू आलं.

दांडा खाली जात नाही.

२.२०. दोघांनी मिळून लाथा मारल्या. खांदे लावले. स्क्रूड्रायव्हरनं कडी खरवडली, टोक मोडलं. झडपांचा दांडा गोठलाय. पंख्यांची वायर ओढून काढली, तरी वारा येतोच आहे, सरळ रानातून.

मोबाइलला रेंज नाही. भिंतींत पत्रा आहे.

कोट एक. आर्वोला घालायला लावला, तो मला घालतो. आता दोघांच्या पाठीवरून घेतलाय.

२.४०. इथे आतही एक कीबोर्ड आहे. सुचायला इतका वेळ कसा लागला? तिचा ट्रॅक यादीत घातला. नाव दिलं: वर्णन २. आता कोणत्याही घरात निवडता येईल. जुना हेडसेट खणात सापडला, वायरीला जोडला.

बोलले. पापा, मी ओदील. हे वर्णन नाही. मी मशीनघरात अडकलेय. स्टेशनला फोन करा. कूकूमला फोन करा. पुन्हा पुन्हा तेच बोलले. इंग्रजीतही.

हेडसेटमध्ये माझाच आवाज मला परत ऐकू येतो आहे. बरोबर तोच. तरी खात्री—

२.५५. बाहेर टेबलावरचा फोन वाजतोय!

वाजतोय. पापाच असणार. तेवीस वेळा वाजला. थांबला. परत वाजला.

आर्वो हसला. म्हणाला, तुझे बाबा चांगले आहेत.

३.१५. पेन गोठलं. पेन्सिल. बोटं दिसतात, लागत नाहीत.

फोन थांबला. म्हणजे त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी लावला असेल. कूकूमला. तिला नदी ओलांडायला वीस मिनिटं. वादळानंतर — तीस.

३.३०. आर्वो फिनिशमध्ये बोलतोय, मला नाही. मध्ये थांबतो, उत्तर ऐकल्यासारखा. एकदा इंग्रजीत म्हणाला, पाहिलं होतं मी तुला, नोएला. पाहिलं होतं.

कोट त्यानं माझ्या अंगावर टाकला. मी परत— तो घेत नाही.

३.४०

आर्वो बोलत नाही. हलवला. झोपू नकोस म्हटलं. गालात मारलं.

काचेवर बर्फ चढतंय. स्वेटरच्या बाहीनं पुसते, परत चढतं.

३.५०

काचेबाहेर कूकूम!

तिची लाल टोपी. हात हलवतेय. मी दोन्ही हात — मी ओरडते आहे. आली. पापांनी सांगितलं तिला. आली.

आर्वो, कूकूम आली.

३.५५

ती कार्ड का लावत नाही? गळ्यात असतं तिच्या. नुसती हात हलवतेय. हसतेय.

हेडसेटमध्ये नोएला. बऱ्याच वेळानं. तीच सरळ, शांत—

म्हणते: काचेबाहेर कोणी नाही.

परत म्हणाली. जोसेफीन नदीवर आहे. अजून अर्ध्यात आहे. काचेबाहेर कोणी नाही. बाई दाराकडे जाते. बाईनं दाराकडे जाऊ नये.

नये, म्हणाली. तिनं असं कधी—

पण मला दिसतेय. लाल टोपी. दात दिसतात. काचेला अगदी चिकटून. श्वासाची वाफ मात्र—

दांडा हलला. बाहेरून. मी हात लावलेला नाही. खाली जातोय, हळूहळू, बर्फ मोडल्याचा आवाज येतो. आर्वोचं डोकं माझ्या मांडीवर आहे, मी उठू शकत नाही. नोएला ओरडतेय आता, वर्णन नाही, नुसती ओरडतेय, धरून ठेव म्हणते, दांडा आतून धरून ठेव, कूकूम येईपर्यंत धरून—

धरायला बोटं कुठे आ